इराद्याचा कागद

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कृष्णधवल फोटो चिकटवलेला आहे. घरी आलेलं माणूस त्याच्यापाशी थबकतं आणि विचारतं, "हे कोण तुमचे?" नात्यातलंच कोणीतरी असावं असं वाटण्याइतका तो जुना आहे, आणि फोटोतला माणूस हसतोयही तसाच, घरातल्यासारखा. ब्राझीलमधल्या प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलंय. त्याचा हात वर आहे. तासाभरापूर्वी त्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसणार.

त्याचं नाव जो गेटजेन्स. जन्म १९ मार्च १९२४, हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स. फोटो २९ जून १९५० चा, बेलो होरिझोन्तेचा. खांद्यावर घेणारी माणसं त्याच्या देशाची नाहीत. तो ज्या देशाकडून खेळला त्या देशाचाही तो नागरिक नव्हता. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मात्र तो भिंतीवर लावल्याशिवाय राहवलं नाही.

गेटजेन्स हे आडनाव हैतीचं वाटत नाही, आणि ते मूळचं तिथलं नाहीच. त्याचे पणजोबा जर्मनीतल्या ब्रेमेनहून हैतीत येऊन स्थिरावले. म्हणजे स्थलांतर या माणसाच्या आडनावातच होतं. घर खातंपितं होतं. पोरगा चौदाव्या वर्षी एत्वाल आयसिएन या क्लबात गेला, आणि १९४२ आणि १९४४ साली क्लबने हैतीचं विजेतेपद मिळवलं. पण तिथे फुटबॉलवर पोट भरणं शक्य नव्हतं. मग घरच्यांचं आणि सरकारचं जे ठरलं ते आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराला ओळखीचं वाटेल. मुलाने शिकावं, हिशेब शिकावा. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४७ मध्ये तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अकाउंटिंग शिकायला गेला.

शिष्यवृत्तीत भागत नव्हतं, म्हणून तो एका रेस्तराँमध्ये भांडी घासायचा. त्या रेस्तराँचा मालकच ब्रुकहॅटन या फुटबॉल संघाचा मालक होता. अमेरिकन सॉकर लीगमधला हा संघ. आठवडाभर वर्ग आणि सिंक, मग संघाचा सामना. १९४९-५० च्या मोसमात त्याने १५ सामन्यांत १८ गोल केले आणि लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल त्याच्या नावावर लागले. मला त्याच्या आयुष्यातला हा तुकडा फार जवळचा वाटतो. मोठ्या शहरात एकट्याने राहणारा मुलगा, ज्याची वही एका जगातली आणि हात दुसऱ्या जगातले. तो खरा कोण होता असं त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं? विद्यार्थी? भांडी घासणारा? सेंटर फॉरवर्ड? स्थलांतर केलेल्या माणसाला ही तिन्ही उत्तरं एकाच दिवशी द्यावी लागतात, समोर कोण उभं आहे ते पाहून.

१९५० च्या विश्वचषकासाठी अमेरिकेने घाईघाईत संघ जमवला. त्यात फिलाडेल्फियाच्या शाळेत शिकवणारा वॉल्टर बार होता. सेंट लुईसचा फ्रँक बोर्गी गोलरक्षक होता. घरच्या अंत्यविधीच्या व्यवसायात तो शववाहिका चालवायचा. हॅरी किओ टपाल वाटायचा. सगळे नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे, एकत्र सराव जेमतेम झालेला. संघात तिघे जण अमेरिकेचे नागरिक नव्हते: स्कॉटलंडचा एड मॅकिल्वेनी, बेल्जियमचा जो माका आणि हैतीचा जो गेटजेन्स.

(याच स्पर्धेत आपलीही जागा होती. भारत पात्र ठरला होता आणि गेला नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, ही गोष्ट लहानपणापासून कानावर आहे. आपल्या फुटबॉल संघटनेला त्या काळी विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिक मोठं वाटत होतं, हे त्यामागचं वजनदार कारण. गेलो असतो तर स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात खेळलो असतो. हे आठवलं की अजून हळहळ वाटते.)

इंग्लंड पहिल्यांदाच विश्वचषकात उतरला होता. बिली राइट, टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेन्सन, विल्फ मॅनियन आणि आल्फ रॅम्सी, ज्याने सोळा वर्षांनी प्रशिक्षक म्हणून इंग्लंडला विश्वचषक जिंकून दिला. चिलीला २-० हरवून ते बेलो होरिझोन्तेला आले होते. त्यांचा नामांकित खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज ताजातवाना राहावा म्हणून त्याला बाहेर बसवलं. अमेरिकेसाठी मॅथ्यूज कशाला लागतोय, असा तो हिशेब. अमेरिका आधीचा सामना स्पेनकडून ३-१ हरली होती. पण त्या सामन्यात शेवटची दहा-एक मिनिटं राहीपर्यंत त्यांची १-० आघाडी होती, हे लक्षात घ्यायची गरज कोणाला वाटली नाही.

मैदानावर साधारण दहा हजार माणसं. इंग्लंड निळ्या शर्टांत, अमेरिका पांढऱ्या शर्टांत, छातीवरून तिरका लाल पट्टा. सुरुवातीची मिनिटं इंग्लंडचीच. चेंडू खांबाला लागतोय, आडव्या दांडीवरून जातोय, बोर्गी मध्ये येतोय. आणि मग अडतिसाव्या मिनिटाला मॅकिल्वेनीने उजवीकडून थ्रो-इन घेतला. चेंडू बारकडे. बारने पंचवीसेक यार्डांवरून गोलच्या दिशेने मारला. फटका बरा होता, पण इंग्लंडचा गोलरक्षक बर्ट विल्यम्स त्याच्या रेषेत निघालेला होता, तो चेंडू त्याच्या हातात जाणार होता. तेवढ्यात गर्दीतून गेटजेन्सने स्वतःला आडवं झोकून दिलं. चेंडू त्याच्या डोक्याला घासला, दिशा बदलली आणि विल्यम्स ज्या बाजूला निघाला होता त्याच्या उलट बाजूने जाळ्यात गेला. गेटजेन्स तोंडावर जमिनीवर पडलेला होता.

थ्रो-इन स्कॉटलंडच्या माणसाचा, हेडर हैतीच्या माणसाचा. मध्ये फक्त बार फिलाडेल्फियाचा.

उरलेला सामना इंग्लंडने जीव तोडून खेळला. शेवटच्या टप्प्यात मॉर्टेन्सन एकटा पुढे सुटला तेव्हा चार्ली कोलंबोने त्याला मागून धरून पाडलं. त्या फ्री किकवर जिमी मलेनने मारलेला हेडर बोर्गीने कसाबसा बाहेर घालवला. इंग्लंडचे खेळाडू शपथेवर सांगत राहिले की चेंडू रेषेच्या आत गेला होता. पंचांनी मानलं नाही. १-०. मग माणसं मैदानात घुसली आणि तो फोटो निघाला.

त्याच दिवशी, २९ जूनलाच, लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजने इंग्लंडला ३२६ धावांनी हरवलं. इंग्लंडच्या भूमीवरचा त्यांचा तो पहिला कसोटी विजय. त्रिनिदादच्या सोनी रामाधीनने त्या सामन्यात अकरा बळी घेतले आणि जमैकाच्या आल्फ व्हॅलेंटाइनने सात. रामाधीनचं घराणं हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांचं. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरून निघालेली ही पोरं, दोघं लंडनमध्ये आणि एक ब्राझीलमध्ये, एकमेकांची गंधवार्ता नसताना एकाच दिवशी इंग्लंडपुढे उभी राहिली होती. हा योगायोग मला कोणी सांगितला नाही, तारखा जुळवताना माझा मलाच सापडला, आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते.

त्या गोलनंतर वर्षानुवर्षं एक प्रश्न विचारला गेला. गेटजेन्सने तो हेडर खरंच मारला होता, की चेंडू नुसता त्याच्या डोक्यावर आपटला? इंग्लंडमध्ये पुष्कळांना दुसरं उत्तर सोयीचं होतं. गोल अपघाताने झाला म्हटलं की पराभवही अपघात ठरतो. त्याच्या सोबत्यांनी मात्र कायम सांगितलं की असे अशक्य कोनातले गोल करणं हीच त्याची खासियत होती, तो चेंडूसाठीच झेपावला होता. आज त्या क्षणाचं चित्रीकरण बघून निकाल लावावा, तर तशी सोय नाही.

मी सोबत्यांवर विश्वास ठेवते. माणूस तोंडावर पडेल इतकं स्वतःला उगाच झोकून देत नाही.

गंमत वाटते ती पुढे. (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण मनात पहिल्यांदा तोच आला.) त्याच्या गोलबद्दल जो प्रश्न विचारला गेला, तोच प्रश्न त्याच्या नागरिकत्वाबद्दलही विचारला गेला. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे नागरिक नसलेल्या खेळाडूलाही संघातून खेळता येई, एका अटीवर. आपण नागरिक होणार आहोत, हा इरादा त्याने जाहीर केलेला असायला हवा. अमेरिकेत नागरिकत्वाच्या वाटेवरची ती पहिली पायरी होती. लोक त्या कागदांना 'फर्स्ट पेपर्स' म्हणत. पुढे या तिघांच्या खेळण्यावर आक्षेप घेतला गेला, फिफापुढे प्रकरण गेलं आणि डिसेंबर १९५० मध्ये फिफाने अमेरिकेला निर्दोष ठरवलं. नियमाने सगळं ठीक होतं. पण गेटजेन्स पुढे अमेरिकेचा नागरिक झालाच नाही, आणि त्यामुळे संशयाला जागा उरली. म्हणजे तो इरादा खोटा होता का? खेळायला मिळावं म्हणून केलेली ती नुसती सही होती का?

या प्रश्नापाशी मी अडते, कारण असा एक कागद माझ्याही खणात आहे.

परदेशात मी नऊ वर्षं काढली. सहाव्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करता येत होता. मी तो उतरवून घेतला आणि दोन संध्याकाळी बसून भरला. आईवडिलांची जन्मगावं, जुने पत्ते, प्रत्येक प्रवासाच्या तारखा, सगळं. काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत, चौकटीबाहेर रेघ न जाऊ देता. शेवटच्या पानावर सहीची जागा होती आणि तिच्यावर एक वाक्य होतं, की मी या देशात कायम राहण्याच्या इराद्याने हा अर्ज करत आहे. मी पेनचं टोपण काढलं. त्या क्षणी मला तिथेच राहायचं होतं, यात तिळमात्र खोटं नव्हतं. माझं काम तिथे होतं, माझी माणसं तिथे झाली होती, रविवारी सकाळी ज्या मैदानाच्या कडेला उभी राहून मी वेगवेगळ्या देशांतल्या पोरांचे सामने बघायचे त्या मैदानाची ओल मला माझी वाटायची. आणि आपल्या कायद्यात दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं संपतं, हेही मला पाठ होतं. मी टोपण परत लावलं. उद्या करू म्हटलं. तो अर्ज त्या घराच्या खणात तीन वर्षं राहिला, आणि नंतर माझ्याबरोबर सामानातून परत आला.

कोणी मला विचारलं की तुझा इरादा खरा होता का, तर मी हो म्हणेन. परत आले तोही खराच होता. मनाने एका वेळी एका जागेचं असावं असा कागदांचा आग्रह असतो, आणि कागद बनवणाऱ्यांची त्यात चूक नाही, त्यांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण पोर्ट-ओ-प्रिन्सचा एक मुलगा १९५० च्या जूनमध्ये अमेरिकेच्या शर्टात बारच्या फटक्यावर झेपावला, तेव्हा तो शंभर टक्के त्या शर्टाचा होता. त्याला याहून जास्त पुरावा मागणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढची कारकीर्द थोडक्यात. अमेरिकेने नंतरचा सामना चिलीकडून ५-२ गमावला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. पुन्हा विश्वचषकात उतरायला त्यांना १९९० उजाडावं लागलं. घरी परतलेल्या संघाचं कोणी स्वागत केलं नाही, वर्तमानपत्रांना फारसं देणंघेणं नव्हतं. बारने शाळेत शिकवणं सुरू ठेवलं, किओ टपाल वाटत राहिला. गेटजेन्स फ्रान्सला गेला, आधी रेसिंग क्लब द पॅरिसकडून आणि मग दक्षिणेतल्या आलेसकडून खेळला. तिथे त्याचं फार जमलं नाही. तीनेक वर्षांनी तो हैतीत परतला, आणि २७ डिसेंबर १९५३ रोजी विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात मेक्सिकोविरुद्ध हैतीकडून उतरला. तेव्हाच्या नियमांत ते चालून जाई. आज एकदा एका देशाकडून विश्वचषक खेळलेल्या खेळाडूला असं परत फिरता येणार नाही. हैती हरली. पण त्याच्या मायदेशाचा शर्ट त्याच्या अंगावर चढला.

त्याने लग्न केलं, मुलं झाली, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ड्रायक्लीनिंगचा धंदा टाकला. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यांची उष्टी भांडी घासणारे हात इथे स्वतःच्या दुकानात दुसऱ्यांच्या कपड्यांचे डाग काढत होते. लिहून झाल्यावर हे वाक्य मला जरा जुळवलेलं वाटतंय, पण आहे ते असंच आहे.

१९५७ मध्ये हैतीत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. लुई देजुआ विरुद्ध फ्रान्स्वा दुव्हालिए. गेटजेन्स घराणं देजुआच्या बाजूचं, त्यांचे आपसांत नातेसंबंधही होते. दुव्हालिए जिंकला. व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे लोक त्याला 'पापा डॉक' म्हणत. त्याने स्वतःची एक खाजगी फौज उभी केली, आणि तिला लोकांनी नाव दिलं 'तोंतों माकूत'. तिथल्या क्रिओल भाषेत याचा अर्थ पोतंवाला काका. रात्री न झोपणाऱ्या पोरांना पोत्यात घालून नेणारा, आपल्या बागुलबुवासारखा. लहान मुलांना भीती घालायचं नाव मोठ्या माणसांना घ्यावं लागावं आणि ते घेताना त्यांचा आवाज खरोखर खाली यावा, अशी त्या देशाची अवस्था झाली होती.

१९६४ मध्ये दुव्हालिएने स्वतःला तहहयात अध्यक्ष घोषित केलं. गेटजेन्सचे धाकटे भाऊ डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जाऊन त्याला उलथवू पाहणाऱ्या हैतीयन लोकांमध्ये मिसळले होते. घरच्यांना धोका दिसत होता, बहुतेक जण देश सोडून गेले. जो राहिला. त्याला राजकारणात रस नव्हता. आपण खेळाडू, आपल्याला कोण काय करणार, असं त्याला वाटलं.

८ जुलै १९६४. सकाळी त्याच्या दुकानापाशी दोन माणसं आली. एकाच्या हातात पिस्तूल होतं. त्याच्याच गाडीत घालून त्यांनी त्याला नेलं, फोर्ट दिमांश नावाच्या तुरुंगात. दिमांश म्हणजे रविवार. रविवारचा किल्ला. तिथून तो परत आला नाही. देहही मिळाला नाही. तो चाळीस वर्षांचा होता.

त्याचा इरादा काय आहे, हे त्या सकाळी त्याला कोणी विचारलं नसणार. आडनाव पुरेसं होतं. पणजोबांनी ब्रेमेनहून आणलेलं ते आडनाव.

मी कितीदा तरी मनाशी तो कागद पुढे सरकवून पाहिला आहे. न्यूयॉर्कमधल्या त्या वर्षांत त्याने दुसरी पायरीही चढली असती, तर? त्याच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट असता, तर पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या त्यांच्या वकिलातीतून निदान कोणीतरी दार ठोठावलं असतं का? कदाचित काहीच बदललं नसतं. दुव्हालिएच्या राज्यात दारं ठोठावून फार काही होत नसे. पण ज्या देशाला त्याने त्यांच्या फुटबॉलमधला सगळ्यांत मोठा दिवस दिला, त्या देशाच्या दप्तरात तो परका होता, आणि ज्या देशात तो आपला म्हणून परतला त्याने त्याला नाहीसं केलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझा अर्ज मी सही न करता परत आणला आणि मी सुखरूप आहे. त्याच्या-माझ्यात फरक एवढाच की मी परतले त्या ठिकाणी माझी वाट बघणारी माणसं पोतंवाली नव्हती. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं, त्याच्या संघातल्या सोबत्यांबरोबर. ते सोबती म्हातारे होत गेले. एकाहत्तर-बहात्तरच्या वयातही वॉल्टर बारला लोक तोच प्रश्न विचारत, तो हेडर त्याने मुद्दाम मारला का, आणि तो आपल्या मित्राची बाजू घेत राहिला. २०१८ मध्ये बारही गेला, वयाच्या ९१ व्या वर्षी. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अमेरिकेच्या अकरा जणांतला तो शेवटचा.

परवा एक मैत्रीण मुलाला घेऊन आली होती. पोरगं आठ वर्षांचं, फुटबॉलवेडं. फोटोपुढे बराच वेळ उभं राहिलं. "हा कोणत्या टीमचा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अमेरिकेचा. आणि हैतीचा." त्याने दोन्ही नावं एकदा मनात म्हणून पाहिली असावीत, ओठ हलले. मग म्हणाला, "गोल कसा मारला?" मी खुर्ची मागे सरकवली, उशी जमिनीवर टाकली आणि त्याला दाखवलं, असा आडवा, असा. त्याने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याचा पाय भिंतीला लागला आणि फोटोचा खालचा कोपरा सुटला. अजून तसाच लोंबतोय, चिकटपट्टी आणायची राहिली आहे.